पिठातलं पाऊल

स्नेहल, तुझी बसायची जागा सोडून सगळीकडे पीठ बसलं आहे.

तू गेल्यावर मी मागची खोली बंद केली होती. गिरणीच्या आणि त्या खोलीच्या मधल्या भिंतीला वर फट आहे. तिथून पीठ जातं म्हणून तू माझ्याशी किती वाद घातलास आणि शेवटी स्वतःच स्टुलावर चढून फटीत चिंध्या कोंबल्यास. चिंध्या केव्हाच पडल्या. परवा सुजात आणि तुझ्या मासिकाची बाकीची पोरं सामान पाहायला आली तेव्हा मी कुलूप काढलं. टेबलावर पीठ, कॉम्प्युटरवर पीठ, तुझ्या चहाच्या कपाच्या कानावरसुद्धा पीठ. खुर्चीच्या पाठीवर पीठ, हातांवर पीठ. बसायची जागा तेवढी स्वच्छ. पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. मी म्हटलं, मांजर बसत असेल. मग आठवलं की खोलीला कुलूप होतं, आणि आपल्याकडे मांजर नाही.

मी घाबरणारी बाई नाही. घाबरायला वेळ लागतो, आणि माझ्याकडे सकाळपासून दळणाचे डबे रांगेत असतात. जे दिसलं ते सांगते. तू असतीस तर म्हणाली असतीस, आजी, हे बम भारी आहे, हे लिही नं. म्हणून लिहिते.

हे तुझ्याच मासिकात छापून येणार आहे. सुजात म्हणाला की तिसऱ्या अंकात तू एक पान माझ्यासाठी मोकळं ठेवलं होतंस, वर माझं नावही टाकून ठेवलं होतंस, मला न विचारता. मी तुला कितीदा सांगितलं की हिवरखेडच्या शाळेत मी चौथीपर्यंत गेले, तेवढ्यावर गिरणी चालते, मासिक चालत नाही. तू हसायचीस आणि म्हणायचीस, पाहू. आता पाहायला मी एकटी उरले. मी कागदावर लिहिते आहे आणि सुजात ते कॉम्प्युटरवर उतरवून घेणार आहे. एकही शब्द बदलायचा नाही, असं त्याला बजावलं आहे.

तुझी माहिती मी लिहिणार नाही. माझ्या भावाची नात, दिलीप आणि रेखाची पोरगी, हिवरखेडहून कॉलेजसाठी राजापेठेत माझ्याकडे आलीस आणि कॉलेज संपलं तरी राहिलीस. ताप आला आणि उतरला नाही. एवढं पुरे. बाकीचं ज्यांना लिहायचं त्यांनी लिहावं.

दिवसभर तू छपाईच्या एका दुकानात बसून लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फलक करायचीस. संध्याकाळी घरी येऊन 'काजळी'. मी विचारलं, मासिकाला असं नाव कोणी ठेवतं का, भिंतीला काजळी धरली तर आपण पुसतो. तू म्हणालीस, तेच तर. मग तू मला सांगायला बसलीस. लंडनला गरिबांच्या उंच इमारती आहेत, तिथली पोरं एक गाणं म्हणायची, ते कोणी रेडिओवर लावेना, म्हणून त्यांनी गच्चीवर तारा बांधून स्वतःचा चोरटा रेडिओ काढला. त्या गाण्याला ग्राईम म्हणतात. ग्राईम म्हणजे हाताला, भिंतीला, चाकाला धरतो तो काळा मळ. आपल्या बडनेऱ्याची, अकोल्याची पोरं तसंच गाणं वऱ्हाडीत म्हणतात, जीव तोडून म्हणतात, आणि त्यांच्याबद्दल कोणी एक ओळ लिहीत नाही. "मंग आपणच लिहू," तू म्हणालीस. "अन् पुसायचं नाई."

मला त्यातलं अर्धं कळलं. चोरटा रेडिओ मात्र आवडला.

ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते गिरणीतच. सुजात बडनेऱ्याहून आला होता. त्याचा बाप रेल्वेच्या रुळांवर काम करतो आणि पोरगा गाडीपेक्षा वेगानं बोलतो. दळणाला आलेल्या बायकांसमोर तू त्याला म्हणायला लावलंस. त्यानं सुरू केलं आणि मला वाटलं, याच्या मागे कोणी लागलं आहे. शब्द सगळे ओळखीचे होते. नळाला पाणी नाही, नोकरीचा अर्ज, पोलिसाची काठी, आईची भाकर. कळेपर्यंत तो पुढच्या गल्लीत गेलेला असायचा. मी म्हटलं, "श्वास घे रे बाप्पा, पडशीन." बायका हसल्या. तू हसली नाहीस, तू ते लिहून घेतलंस. पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर भल्यामोठ्या अक्षरांत तेच होतं: श्वास घे रे बाप्पा. खाली माझं नाव नव्हतं. चोरीच ती. पोरं ते वाक्य मला रस्त्यात म्हणून दाखवायला लागली तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे.

अक्षरांवरून आपलं मोठं भांडण झालं. अक्षरांच्या डोक्यावरची आडवी रेघ तू काढून टाकायचीस. मी रेघेवर बोट ठेवून वाचणारी. रेघ नसली की बोट घसरतं. मी म्हटलं, ही तर मुंडकी छाटून ओळीनं उभी केलेली माणसं दिसतात. तुला ते इतकं आवडलं की दुसऱ्या अंकात तू अक्षरं आणखी खालून कापलीस. माझ्याशी भांडून तू नेहमी काहीतरी कमावून जायचीस. माझं मात्र घरातलं काम पडून राहायचं.

आणि पीठ. माझ्याकडून वाटीभर पीठ घेऊन तू स्कॅनरच्या काचेवर भुरभुरायचीस, झाकण लावायचीस, आणि कॉम्प्युटरवर काळं आभाळ यायचं, त्यात पांढरे कण. त्याच्यावर तू गाणाऱ्या पोरांचे चेहरे बसवायचीस. तुला स्वच्छ पान सहन होत नव्हतं. म्हणायचीस, कोऱ्या कागदावर हे गाणं ऐकू येत नाही. मी म्हणायचे, अन्न आहे ते, सांडू नये. मग तू काचेवरचं पीठ हळूच परत डब्यात भरायचीस आणि आपण त्याची भाकर खायचो. सगळ्या पोरांचे चेहरे ज्या पिठावर बसवले, ते पीठ आपण खाल्लं. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

गिरणीचा आवाजही तू सोडला नाहीस. पट्ट्याला जिथं जोड आहे, तो भाग चाकावरून गेला की थप वाजतं. इतक्या वर्षांत मला ते ऐकू येणंच बंद झालं होतं. तू मोबाइल पट्ट्याजवळ धरून बसलीस आणि म्हणालीस, हाच ठेका पाहिजे होता. सुजातनं त्यावर गाणं बांधलं. गाण्याच्या शेवटी तुझा आवाज राहून गेला आहे: आजी, बंद कर नं आता. तुम्ही तो काढणार होतात, मग काढला नाहीत.

तिसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठाची गोष्ट मीच तुझ्या हातात दिली.

उन्हाळ्यातली दुपार होती. वीज गेलेली, तू आणि सुजात ओट्यावर बसलेले. एक माणूस आला आणि हळू आवाजात वाटीभर पीठ मागितलं. मी कोणतं पाहिजे विचारलं नाही. दिलं. तो गेला तेव्हा मी 'या' म्हटलं नाही. तुझं लक्ष होतं. सगळ्यांना या म्हणते, याला काहून नाही म्हटलं, असं तू विचारलंस, म्हणून सांगितलं. घरात माणूस गेलं की जिथं त्याला निजवलं होतं त्या जागी पिठाचा पातळ थर देतात. शेजारी दिवा लावतात आणि वरून कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं उपडं घालतात. सकाळी डालं उचलून पाहतात. पिठावर काहीतरी उमटलेलं असतं. पाखराचा पाय असेल, गाईचं खूर असेल, तान्ह्या लेकराचं पाऊल असेल. गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं ते त्यावरून धरतात. मागे राहिलेल्यांना तेवढं कळलं तरी पुरतं. मग ते जेवायला बसतात. अशा घरी पीठ देताना पुन्हा या म्हणायचं नसतं.

सुजात म्हणाला, आमच्यात हे नाई. तू आत, फरशीकडे पाहत होतीस. तू गप्प बसलीस की मला धास्ती वाटायची.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर गिरणीतल्या काळ्या फरशीवर तू जवारीचं पीठ चाळणीनं चाळून अंथरलं होतंस. इतकं सारखं की मला स्वतःला तसं जमलं नसतं. मधोमध बुटाचं एक पाऊल. उजवं. तळव्याच्या रेघा न् रेघा उठल्या होत्या. टाचेशी एक खळगा होता. सुजातच्या मोटारसायकलवर मागे बसलीस की तू पाय सायलेन्सरवर ठेवायचीस, तिथं बुटाचा तळवा वितळला होता, तोसुद्धा उमटला होता. तू एका पायात बूट घालून, दुसरा पाय उचलून स्टुलावर बसली होतीस आणि फोटो पाहत होतीस.

"पुस ते," मी म्हटलं.

"आजी, पाह्य तं खरं कसं उमटलं."

"मेलेल्या माणसाचं असते ते."

"कुठं गेला ते सांगते नं ते," तू म्हणालीस. "आमचं गाणं कुठून निघालं अन् कुठं चाललं, तेच तं सांगाचं आहे मले."

पावलाची बोटं दाराकडे होती. मी म्हटलं, काढायचंच असलं तर आत येणारं काढ. महालक्ष्म्या बसतात तेव्हा आपण दारापासून आत येणारी पावलं काढतो. बाहेर जाणारं पाऊल घरात कोणी काढत नाही. तू मला पान समजावून सांगितलंस. मासिकाचं नाव वरच्या अंगाला असतं, म्हणून बोटं वर पाहिजेत, नावाकडे. अंक हातात धरला की पाऊल वाचणाऱ्यापासून पुढं चाललेलं दिसतं आणि वाचणारा आपोआप त्याच्या मागं जातो. मी विचारलं, कोणाच्या मागं? कुठं? तू हसलीस. पाहू, म्हणालीस.

ते भांडण तिथंच राहिलं. पीठ मी झाडून काढलं. ते मात्र आपण खाल्लं नाही, बाहेर गाईला घातलं.

मुखपृष्ठाचा नमुना पाहायला तू आणि सुजात अकोल्याच्या छापखान्यात गेलात. निघताना तू येते म्हणालीस की नाही, मला आठवत नाही. गिरणी चालू होती. अकोल्यात तुला ताप चढला. तिथून जवळ पडतं म्हणून तू हिवरखेडला आईकडे गेलीस आणि सुजात नमुन्याची गुंडाळी घेऊन इकडे आला. पुढचं लिहीत नाही.

मी दर्यापूर, अकोट करत हिवरखेडला पोहोचले तोवर तुला नेलं होतं. रेखा पीठ अंथरत होती. पीठ नीट झालं, दिवा लागला, डालं झाकलं गेलं. सकाळी भावकीतली जाणती माणसं जमली आणि दिलीपनं डालं उचललं.

पीठ जसंच्या तसं होतं.

असं होत नाही, स्नेहल. वारा असतो, मुंगी असते, झुरळ असतं. कशानं तरी एखादी रेघ ओढली जाते आणि माणसं तिला पाखराचा पाय म्हणतात. मी गिरणीवाली आहे, उघड्या पिठावर काय काय फिरतं ते मला ठाऊक आहे. तुझ्या पिठावर मुंगी फिरली नव्हती. दिव्याचा धूर डाल्याच्या आतल्या अंगाला लागला होता, तेवढी काळी खूण. एक म्हातारा वाकून वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, "गेलीच नाई वाटते पोरगी." कोणीतरी त्याचा हात धरून त्याला बाहेर नेलं. रेखानं ऐकायचं ते ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं पुन्हा पीठ अंथरलं. सकाळी पुन्हा कोरं. तिसऱ्या दिवशीही तसंच. दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे पांगले, मीही गिरणी उघडायला परत आले. तिचं चालूच होतं.

दिलीपचा फोन यायचा. त्यानं मला कधी आवाज चढवून काही म्हटलेलं नाही, लहानपणापासून आत्याचा धाक आहे त्याला. तो म्हणाला, ती जेवत नाही, दिवस मावळला की चाळणी घेऊन बसते. सकाळी जमा केलेलं पीठ गाईला घालते, आता गाय त्याला तोंड लावत नाही. शेजारच्या बायका आमच्या दारावरून जायचं टाळतात. मग एक दिवस तो मुखपृष्ठावर आला. तू मोठ्या हौशीनं त्याच्या मोबाइलवर ते पाठवलं होतंस. रेखाला त्यानं दाखवलं नव्हतं.

"आत्या, ते चित्र जाळून टाक," तो म्हणाला. "त्याच्यापायीच झालं हे. जित्या माणसानं पिठात पाय ठेवला."

मी म्हटलं, पायानं ताप येत नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ फरशीकडे पाहत बसले.

पोरांनी ही गोष्ट ऐकली आणि ती ऐकणारच होती, कारण मीच सांगितली. सुजात दुसरं मुखपृष्ठ करून घेऊन आला. तुझा हसरा फोटो, भोवती हार, दोन बाजूंना दोन दिवे, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. दुकानात तू असे कितीतरी केले असशील, आणि ज्या दिवशी करायचीस त्या दिवशी घरी येऊन आधी हात धुवायचीस. मी सुजातला म्हटलं, हे ती चौकात टांगायला करत होती, मासिकावर लावायला नाही. तो रडायला लागला. त्याच्या रडण्यालाही ठेका आहे. मी त्याला पाणी दिलं आणि नमुन्याची गुंडाळी मागून घेतली.

दिवसभर मी ठरवू शकले नाही. जाळावी तर तुझं शेवटचं काम जातं. छापावी तर तुझा बाप जन्मभर माझं तोंड पाहणार नाही, आणि तुझी आई पिठाशी बसलेलीच.

मग एका दुपारी पुन्हा वीज गेली. पट्टा थांबला. ओट्यावर पोरं बसली होती, त्यांनी मोबाइलवर ते गाणं लावलं. थप, थप, थप. दळणाला बसलेल्या बायका उठून डबे पुढे सरकवायला लागल्या. त्यांना वाटलं वीज आली. मी पट्ट्याकडे पाहत होते. पट्टा हलत नव्हता. गाणं संपत आलं आणि तू म्हणालीस, आजी, बंद कर नं आता. माझा हात बटणाकडे गेला. मी बंद गिरणी बंद केली.

कोणी हसलं नाही. एक बाई डबा तिथंच ठेवून घरी गेली.

मी बटणापाशी उभी होते. खाली तीच काळी फरशी. तेव्हा मला एक गोष्ट सुचली, आणि सुचली ती मला आवडली नाही. हिवरखेडचं पीठ कोरं राहतं, कारण तू ठसा आधीच देऊन गेलीस. इथं दिलास, माझ्या घरात, माझ्या पिठात. एका माणसाचे दोन ठिकाणी ठसे कशाला उमटतील? मी हे मानते असं समजू नकोस. पण रेखा मानते. तिचा प्रश्न पिठाचा होता, त्याला उत्तरही पिठातलंच लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लावलं आणि गुंडाळी पिशवीत घालून हिवरखेडला गेले. संध्याकाळी रेखानं माझ्यासमोर पीठ अंथरलं. मी तिला अडवलं नाही. ती वाळली होती, पण चाळणी कशी धरायची ते तिचे हात विसरले नव्हते. दिलीप ओसरीवर आपल्या शेतातल्या झेंडूच्या टोपल्यांमध्ये बसून होता, फुलं बाजारात न जाता काळी पडलेली. सकाळी तिनं स्वतःच डालं उचललं. कोरं. तिनं पीठ परातीत जमा केलं, फरशी पुसली, आणि भिंतीला टेकून दाराकडे तोंड करून बसली. रोज अशीच बसत असेल, संध्याकाळ होईपर्यंत.

मी पुसलेल्या जागेवर तिच्यासमोर नमुना उलगडला. चारी कोपऱ्यांवर तांब्या, पेला, हाताला लागेल ते ठेवलं. वर नाव, खाली काळ्यावर पांढरं पीठ, आणि त्यात तुझं पाऊल, दाराकडे निघालेलं.

"रेखा, हे पाह्य," मी म्हटलं. "पोरीनं माह्या घरी काढलं, जाण्याच्या आधी. पीठ माह्या गिरणीचं आहे. तू इथं पाहून राहिली, अन् ते तिथं उमटून गेलं."

दिलीप ओसरीवरून उठला. मी त्याला हातानं थांबवलं.

रेखानं भिंतीची टेक सोडली. मग पुढे सरकली आणि टाचेशी जो खळगा आहे त्यात तिनं बोट ठेवलं. बोटाचं टोक बरोबर बसलं.

"सायलेन्सर," ती म्हणाली. "किती डाव म्हणलं इले, नको ठेवत जाऊ पाय."

मग तिनं कोपऱ्यांवरचा तांब्या-पेला बाजूला केला, कागदाचे दोन कोपरे धरले आणि कागद फिरवला. सावकाश. जणू कागदावरचं पीठ सांडू नये अशा बेतानं. बोटं घराच्या आत झाली, टाच उंबऱ्याकडे गेली. मासिकाचं नाव उलटं झालं, त्याच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. फिरवून झाल्यावर ती थोडी मागे सरली, वाटेतून एखाद्याला येऊ द्यावं तशी. तिच्या तोंडावर काय होतं ते मी पाहिलं आहे, लिहिणार नाही.

त्यानंतर ती उठली. डालं उचलून अंगणात गेली आणि कोंबड्यांवर झाकलं. इतके दिवस त्या मोकळ्याच हिंडत होत्या. हातपाय धुतले, चूल पेटवली, परातीतल्या पिठात मीठ टाकलं आणि आम्हाला विचारलं, भाकर खाता का. तेच पीठ होतं. आम्ही खाल्ली. तिनंही खाल्ली.

दिलीप मागच्या दारानं जेवायला आला. पुढच्या दारासमोर कागद होता, तो ओलांडायची त्याची छाती झाली नाही. मी निघाले तेव्हा अंगणापर्यंत आला आणि खाली पाहत म्हणाला, "आत्या, छापाचं असन तं छापा. पण असं. तिनं ठेवलं तसं."

मी परत आले आणि पोरांना सांगितलं. सुजात म्हणाला, आजी, नाव उलटं जाईल, आतली पानं सुलटी राहतील, लोक म्हणतील बांधणारा चुकला. मी म्हटलं, म्हणू देत. कोणीतरी म्हणालं, पाऊल तेवढं फिरवू आणि नाव पुन्हा सुलटं करून वर लावू. ते मी चालू दिलं नाही. नाव कुठं ठेवायचं ते तू ठरवलं होतंस. पाऊल कुठं येतं ते तुझ्या आईनं ठरवलं. तुझ्या पानातला एक कण हललेला नाही, नुसतं फिरवलं आहे. छापखान्यातूनही विचारणा झाली, नक्की असंच छापायचं ना. सुजातनं फोनवर हो म्हटलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मीही हो म्हटलं.

हे लिहायला घेतलं त्याला आता बरेच दिवस झाले. काल मी मागची खोली पुन्हा उघडली. खुर्चीवर पीठ बसलं आहे, बसायच्या जागेवरसुद्धा, सगळीकडे सारखं. मी पुसलं नाही. कुठं गेलीस ते आता आम्हाला माहीत आहे, म्हणून तिथं नसशील.

तुझं-माझं काय देणं-घेणं झालं याचा हिशेब मी मांडत नाही. एवढं सांगते की तू आलीस आणि मला माझ्याच गिरणीचा ठेका ऐकू यायला लागला. आता तो बंद करता येत नाही. दळण करताना, भाकर थापताना, चालताना चालू असतो. हा उपकार म्हणायचा की दुसरं काही, ते मी अजून ठरवलेलं नाही. ठरलं की भांडायला तू नाहीस, याचा मात्र राग येतो.

आपलं ते भांडण कोणी जिंकलं नाही. अंक जसा छापला आहे तसा हातात धरला तर पाऊल आपल्याकडे येतं आणि नाव उलटं दिसतं. नाव सुलटं करायला जावं तर पाऊल पाठ फिरवून चालू लागतं. म्हणून तुझ्या वाचणाऱ्यांना इथंच सांगून ठेवते. अंक कोणी फिरवायचा नाही. ज्याला नाव वाचायचंच आहे त्यानं अंक जमिनीवर ठेवावा, उठावं, आणि टाचेच्या बाजूला जाऊन उभं राहावं. मी तसं करून पाहिलं. डोकी नसलेली अक्षरं, तरी तिथून मला वाचता आली.

तिथं आता पुष्कळ पोरं येऊन उभी राहतील, स्नेहल. जरा सरकून त्यांना जागा दे.